जेऊरच्या माळावरची हिरवी रेघ

उजेडाची भाषा : लेखांक ७

शके १८१९ ची पौष अमावास्या शनिवारी आली होती. इंग्रजी तारीख २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी भर दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ कोकण किनाऱ्याला लागली, सह्याद्री चढून जेऊरवर आली आणि तिथून ईशान्येला सरकत वऱ्हाडातल्या तळणी, पुलगावकडे निघून गेली. जेऊर हे करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. परंड्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर पश्चिमेला. नकाशावर पट्टी ठेवून जेऊर आणि पुलगाव जोडा. रेघ परंडा आणि जामखेड यांच्या मधून जाते. सावली या रेघेच्या दोन्ही अंगांना तीस किलोमीटरहून जास्त पसरलेली होती. म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली परंडा आणि भूम ही गावं त्या दुपारी खग्रास अंधारात बुडाली. धाराशिव आणि तुळजापूर मात्र पट्ट्याबाहेर राहिले. तिथे सूर्याची बारीक कोर उरली.

सीनेच्या अलीकडे तेव्हा निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचा मुलूख. अलीकडच्या रानांत शाळू कणसाला आलेला असणार, आणि माणसं ग्रहण पाळून घरात बसलेली असणार. पलीकडे जेऊरला मात्र पुण्याहून, अमेरिकेहून आणि जपानहून आलेले खगोलशास्त्रज्ञ तंबू ठोकून, दुर्बिणी रोखून उभे होते. दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ त्यांच्या हातात होता. त्या वेळात जेऊरला टिपलेल्या एका हिरव्या रेघेची हकिकत आज सांगायची आहे. तारे कशाचे बनले आहेत आणि ते कसे हलतात हे नुसत्या उजेडावरून कसं ओळखतात, याचं याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही. शिवाय ते आपल्या शिवारालगत घडलेलं आहे.

मागच्या लेखांकात आपण ताऱ्यांच्या रंगांपाशी थांबलो होतो. आर्द्रा तांबूस दिसते, कारण तिचा पृष्ठभाग साधारण साडेतीन हजार अंशांचा आहे. मृगाच्याच आकृतीत खाली चमकणारा राजन्य निळसर पांढरा दिसतो, कारण तो बारा हजारांच्या आसपास तापलेला आहे. रंगावरून तापमान कळतं, पण तिथे काय आहे हे कळत नाही. ते कळण्यासाठी उजेड फोडून त्यातल्या रेघा वाचाव्या लागतात.

सूर्याचा उजेड बारीक फटीतून घेऊन लोलकातून नेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा, म्हणजे वर्णपट, मिळतो, हे न्यूटनपासून ठाऊक होतं. जर्मनीतल्या योझेफ फ्राउनहोफर या काच कारागिराने १८१४ मध्ये तो पट्टा दुर्बिणीतून निरखला, तेव्हा त्यात काळ्या उभ्या रेघा दिसल्या. एक-दोन नव्हे, पाचशेच्या वर. त्याने त्या मोजल्या, त्यांच्या जागा नोंदवल्या आणि ठळक रेघांना अक्षरं दिली. त्या कशामुळे पडतात हे मात्र त्याला कळलं नाही. उत्तर मिळायला १८५९ साल उजाडावं लागलं. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी ज्योतीत वेगवेगळी द्रव्यं धरून त्यांचा उजेड लोलकातून पाहिला. चिमूटभर मीठ ज्योतीत टाका, ज्योत पिवळी होते. त्या पिवळ्याच्या वर्णपटात दोन तेजस्वी रेघा एकमेकींना खेटून दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. ती सोडियमची जोडी. फ्राउनहोफरने सूर्याच्या पट्ट्यात ‘डी’ म्हणून नोंदवलेली काळी जोडी नेमकी त्याच जागी होती. म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या थरात सोडियमची वाफ आहे आणि ती खालून येणाऱ्या उजेडातून आपल्या वाट्याचा पिवळा गिळते. वाफ स्वतः उजळली की तीच रेघ तेजस्वी दिसते, आणि मागे तिच्याहून जास्त तापलेला उजेड असला की तीच काळी दिसते. जागा मात्र बदलत नाही.

जागा का बदलत नाही, याचं कारण अणूच्या घडणीत आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनांना कुठल्याही उंचीवर राहता येत नाही, त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीवरून खाली उतरताना इलेक्ट्रॉन फरकाएवढी ऊर्जा उजेडाच्या रूपाने सोडतो, चढताना तेवढीच घेतो. लोखंडाच्या पायऱ्या वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा स्वतःच्या ठरलेल्या जागी पडतात. वर्णपटातली रेघेची जागा म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर: एक आकडा इकडचा तिकडे झाला की रान भलत्याच्याच नावावर लागतं. जेऊरच्या हिरव्या रेघेचं अगदी असंच झालेलं होतं, आणि ती चूक तब्बल २९ वर्षं कुणाला सुधारता आली नव्हती.

त्यासाठी तीस वर्षं मागे जावं लागेल. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहणही हिंदुस्थानातूनच गेलं होतं. गुंटूरला फ्रान्सचे यान्सन आणि इंग्रज लष्करातले टेनंट होते, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शल होते. प्रसिद्ध विल्यम हर्शल यांचे हे नातू. सूर्यबिंब झाकलं गेल्यावर कडेने ज्या लालसर ज्वाळा दिसतात, त्यांचा वर्णपट तेव्हा पहिल्यांदा पाहिला गेला. त्यात काळ्या नव्हे, तेजस्वी रेघा होत्या. म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या. त्यांतली एक पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नीट बसत नव्हती. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून, तीच रेघ पाहिली आणि तिची जागा ५८७.५ नॅनोमीटरच्या आसपास ठरवली. पृथ्वीवरच्या कुठल्याही द्रव्याची रेघ तिथे नव्हती. त्या अनोळखी द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं. १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना ते एका खनिजातून निघालेल्या वायूत सापडलं. आधी सूर्यावर आणि २७ वर्षांनी पृथ्वीवर सापडलेलं हे मूलद्रव्य.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण शाळाशाळांतून ती उलटी सांगितली जाते. हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लॉकियर यांनी लावला, असं आपल्याकडे ठामपणे म्हटलं जातं. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले ते १८९८ मध्ये, या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या ग्रहणासाठी. विजयदुर्गचं महत्त्व त्याने तसूभरही कमी होत नाही. ज्या दिवशी जेऊरला तंबू पडले, त्याच दिवशी, त्याच सावलीच्या वाटेवर विजयदुर्गला लॉकियर होते. खरी हकिकत इतकी भरघोस असताना खोटीची गरज काय?

हेलियमच्या यशाने खगोलशास्त्रज्ञांना एक सवय लावली: ओळख पटेना अशी रेघ दिसली की नवं मूलद्रव्य. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेतून दिसलेल्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेघ दिसली. प्रभामंडळ म्हणजे बिंब पूर्ण झाकल्यावर सभोवती पसरलेला मोतिया रंगाचा उजेड. बिंबाच्या मानाने तो सुमारे दहा लाख पटींनी मंद, म्हणून एरवी दिसत नाही. यंग यांनी ती हिरवी रेघ किर्खहॉफ यांच्या मोजपट्टीवर १४७४ व्या खुणेवर बसवली, म्हणजे आजच्या मापात ५३१.७ नॅनोमीटरवर. त्या जागी सूर्याच्या वर्णपटात लोखंडाची एक रेघ आहे. पण प्रभामंडळात लोखंडाची बाकीची एकही रेघ सापडेना. मग हे लोखंड कसं असेल? म्हणून ‘कोरोनियम’ असं एक नवं द्रव्य कल्पण्यात आलं. पुढे तर मेंडेलेयेव यांनी आपल्या आवर्तसारणीत हायड्रोजनच्याही आधी त्यासाठी जागा राखून पाहिली.

हा घोळ मिटवायचा तर ती रेघ खरोखर कुठे पडते हे नेमकं मोजायला हवं होतं. मोजणार कधी? खग्रास ग्रहण एखाद्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या येत नाही, आलं तर दोन-चार मिनिटं टिकतं, आणि त्या वेळी ढग आला तर हजारो मैलांचा प्रवास वाया. म्हणून १८९८ साली जगभरातले लोक जानेवारीच्या कोरड्या, निवळ आभाळासाठी आपल्या भागात आले. मुंबई-पुण्यात प्लेगची धास्ती असताना आले, हेही लक्षात ठेवायला हवं.

जेऊरच्या छावण्यांत दोन माणसं आपल्या दृष्टीने विशेष. एक, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्या कॉलेजच्या आवारात १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली होती. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. नायगमवालांनी तिने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला होता. त्या तेजोमेघात एक ठळक हिरवट रेघ दिसते. लॉकियर म्हणत होते की ती मॅग्नेशियमची, आणि तिची एक कड फिकट होत गेलेली असते. नायगमवालांनी १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत लिहिलं की पुण्यातून ती रेघ दोन्ही कडांनी स्वच्छ, धारदार दिसते. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञाच्या विरोधात पुण्यातल्या प्राध्यापकाने आपल्या निरीक्षणाच्या बळावर उभं राहणं, तेही परक्यांच्या राज्यात, हे मला फार मोलाचं वाटतं. नायगमवाला बरोबर होते. ती रेघ मॅग्नेशियमची नव्हतीच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं.

दुसरे, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल. सोबत पत्नी एलिझाबेथ. कॅम्पबेल यांच्या सामानात ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. त्याच्या भिंगातून पडणारी सूर्याची प्रतिमा ११ सेंटीमीटरहून मोठी, म्हणजे तळहाताएवढी. शिवाय वर्णपटलेखक, फटीचे आणि बिनफटीचे.

त्या दोन मिनिटांत काय करायचं असतं ते जरा जवळून पाहू. अशा छावणीत ग्रहणाच्या आधी रोज तालीम चालते. एकजण घड्याळाशी बसून मोठ्याने सेकंद मोजतो. बाकीचे त्या आवाजावर काचेच्या पट्ट्या बदलतात, झाकण उघडतात, बंद करतात. बिंबाची शेवटची कोर बारीक होत जाते. ती विझते त्या क्षणी, बिंबालगतचा काही हजार किलोमीटर जाडीचा वायूचा थर तेवढा उघडा राहतो. इतका वेळ काळ्या असलेल्या रेघा एकदम तेजस्वी होऊन उजळतात. बिनफटीच्या यंत्रात तर रेघा सरळसुद्धा नसतात. झाकल्या बिंबाच्या कडेची कोरच प्रत्येक रंगात वेगळी उमटते. तांबड्यात हायड्रोजनची कोर, पिवळ्यात हेलियमची, मधे शेकडो बारीक. काही सेकंदांत चंद्र तोही थर झाकतो आणि सगळं विझतं. खालचा थर आधी झाकला जातो, वरचा नंतर. म्हणून कुठली कोर किती वेळ टिकली यावरून ते द्रव्य सूर्यावर किती उंचीपर्यंत आहे ते कळतं. कॅम्पबेल यांनी जेऊरला छायाचित्राची पट्टी सरकती ठेवली, म्हणजे हा विझण्याचा क्रम सलग उमटत गेला.

कोरा विझल्या की उरतं प्रभामंडळ आणि त्याची हिरवी रेघ. कॅम्पबेल यांना तिच्यावरून प्रभामंडळ सूर्याबरोबर फिरतं का, आणि किती वेगाने, हे पाहायचं होतं. उजेड सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिच्या रेघा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याची पूर्वेकडची कड सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असते आणि पश्चिमेकडची तितक्याच वेगाने लांब जात असते. एवढ्या वेगाने रेघ सरकते ती नॅनोमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. मंद उजेड, दोन मिनिटांचा वेळ आणि एवढासा फरक. फिरण्याचा नियम काही पक्का हाती लागला नाही. पण त्या खटाटोपात रेघेची जागा मात्र पूर्वी कधी नव्हती इतकी बारकाईने मोजली गेली. कॅम्पबेल यांचा निबंध १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात हिरव्या रेघेची जागा ५३०.३ नॅनोमीटर अशी आली. विजयदुर्गच्या छायाचित्रांतूनही तेच निघालं. ५३१.७ नव्हे.

फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी. पण त्यामुळे हिरव्या रेघेवरचा लोखंडाचा तो जुना शिक्का पुसला गेला. ५३०.३ वर ज्ञात असलेल्या कुठल्याच द्रव्याची रेघ नव्हती, म्हणून कोरोनियमवरचा विश्वास आधी वाढलाच. मग आवर्तसारणी भरत गेली, अणूची रचना कळली, आणि नव्या मूलद्रव्याला जागाच उरली नाही. १९३९ मध्ये जर्मनीतल्या वाल्टर ग्रोट्रियान यांनी प्रभामंडळाची एक तांबडी रेघ नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची असल्याचं ओळखलं. पाठोपाठ स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी हिरव्या रेघेचाही हिशोब जुळवला: ५३०.३ ची रेघ लोखंडाचीच, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. जागा चुकीची असताना लोकांनी लोखंड म्हटलं होतं, जागा बरोबर मिळाल्यावर लोखंड नाकारलं होतं, आणि शेवटी लोखंडच निघालं. पण कुणी कल्पनाही केली नसेल अशा अवस्थेतलं.

अणूतून १३ इलेक्ट्रॉन उपटून काढायला दहा-वीस लाख अंशांचं तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. म्हणजे शेगडीपासून लांब जावं तसं गार होण्याऐवजी, सूर्यापासून वर जावं तसं तापमान शेकडो पटींनी वाढतं! एका रेघेच्या नेमक्या जागेतून निघालेला हा निष्कर्ष. ही उष्णता वर कशी पोचते याचा अभ्यास आजही चालू आहे. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचा त्यात मोठा हात आहे इतकं निश्चित. प्रयोगशाळेत ती हिरवी रेघ सहज मिळत नव्हती याचंही कारण आहे. ती सोडायला इलेक्ट्रॉनला बराच वेळ निवांत मिळावा लागतो. प्रभामंडळ इतकं विरळ आहे की तिथले अणू एकमेकांवर फारसे आदळत नाहीत. आपल्या प्रयोगशाळेतल्या दाट वायूत तशी उसंत मिळत नाही.

सूर्य हा जवळचा तारा, म्हणून त्याच्यावर एवढा वेळ दिला. पण रेघ सरकण्याची जी युक्ती जेऊरला अपुरी पडली, ती दूरच्या ताऱ्यांवर विलक्षण चालते, कारण त्यांचे वेग मोठे असतात. हिवाळ्यात संध्याकाळी ईशान्येकडून वर चढणारा, सारथी तारकासमूहातला पिवळसर ब्रह्महृदय पाहा. कितीही मोठी दुर्बीण लावली तरी त्या काळी तो एकच ठिपका दिसे. १८९९ मध्ये लिक वेधशाळेत कॅम्पबेल आणि इंग्लंडात केंब्रिजला ह्यू न्यूऑल, दोघांनी स्वतंत्रपणे त्याच्या वर्णपटाच्या पट्ट्या तपासल्या. काही रात्री रेघा एकेरी, काही रात्री त्याच रेघा दुहेरी, आणि हे चक्र १०४ दिवसांनी पुन्हा तसंच. अर्थ एकच होता: तिथे दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरतात, एक आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो, म्हणून त्यांच्या रेघा विरुद्ध दिशांना सरकतात. दोघे आडवे चालू लागले की रेघा पुन्हा एकावर एक बसतात. आधीच्या वर्षी जानेवारीत कॅम्पबेल जेऊरला होते आणि हेच न्यूऑल त्याच सावलीखाली पुलगावला. ब्रह्महृदय आपल्यापासून सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याचं जोडपण कुणीही डोळ्यांनी न पाहता, नुसत्या रेघांवरून सिद्ध झालं.

त्याच सावलीखाली तळणीला जॉन एव्हरशेड आले होते. तेव्हा हौशी निरीक्षक. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेत नोकरीवर आले आणि १९०९ मध्ये सूर्यडागांच्या रेघा किंचित सरकलेल्या पाहून त्यांनी शोधलं की डागाभोवतीचा वायू मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाहतो. त्याला आजही एव्हरशेड परिणाम म्हणतात. तळणीला ॲनी माँडर याही होत्या. प्रभामंडळाचा फार लांबवर गेलेला एक किरण त्यांच्या कॅमेऱ्याने टिपला. कॅम्पबेल यांनी पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा उजेड वाकतो हे मोजून आइनस्टाइनच्या सिद्धांताला भक्कम पुरावा दिला.

आणि नायगमवाला? ते १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा त्यांच्याबरोबरच बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्राने त्या परंपरेला वारस दिला नाही, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण उभी राहायला त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षं जावी लागली.

हिरव्या रेघेचा पाठलाग मात्र थांबलेला नाही. कोडाईकनाल वेधशाळा आज बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. त्याच संस्थेने आदित्य एल-१ या यानावरचा मुख्य कॅमेरा घडवला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेलं हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ठाण मांडून बसलं आहे. कॅमेऱ्यात सूर्याच्या बिंबाचा उजेड बाजूला काढला जातो, म्हणजे यानावर कायमचं ग्रहण लागलेलं आहे. दोन मिनिटांची घाई नाही, ढगांची भीती नाही. त्याचा वर्णपटलेखक ज्या ठरावीक रेघांवर नजर ठेवतो, त्यांतली एक ५३०.३ नॅनोमीटरची.

पुढच्या आठवड्यात चित्रा नक्षत्राकडे वळू. तोवर वाचकांकडे एक मागणं आहे. परंडा, भूम, वाशी, करमाळा, जामखेड या पट्ट्यातल्या जुन्या घरांत त्या काळची पंचांगं, हिशोबाच्या वह्या, मोडी किंवा उर्दू कागद अजून आहेत. १८९८ च्या पौष अमावास्येला ‘भरदिवसा अंधार पडला’, ‘चांदण्या दिसल्या’, ‘गुरं परतली’ अशी एखादी ओळ पंचांगाच्या समासात कुणी लिहून ठेवली असेल. ग्रहणाच्या वर्षी जन्मलेल्या पणजोबांची गोष्ट घरात सांगितली जात असेल. जेऊरच्या पाहुण्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या ग्रंथालयांत जपून ठेवल्या आहेत. आपल्या माणसांनी काय पाहिलं, ते कुठेच एकत्र केलेलं नाही. असा कागद हाती लागला तर तो रद्दीत घालू नका. त्याचं छायाचित्र काढा आणि गावाच्या, घराच्या नावासह या सदराकडे पाठवा.